कासमभाईचा शिव्यांचा दिवस

गयाचं दिवसकार्य उरकलं अन् आमच्या घरात गादीवरून भांडण लागलं. गया म्हणजे माझी बायको. ज्या डबल गादीवर ती आजारी पडली अन् गेली, ती गादी सुनेला घराबाहेर काढायची होती. सुनेचं चुकत नव्हतं. गेलेल्या माणसाचं अंथरूण देऊन टाकायची आमच्यात रीतच आहे. पण मी म्हणालो, गादीला हात लावाल तर गादीबरोबर मीही बाहेर. मग गादी तशीच राहिली. तिच्यावर मी झोपत नव्हतो अन् कुणाला झोपूही देत नव्हतो. खाली फरशीवर सतरंजी टाकून पडायचो. सकाळी भिंत धरून उठायला लागायचं. पाठ धरायची, गुडघे कडाकडा वाजायचे. सून बघायची अन् चहा ठेवायची.

ती गादी कासम पिंजाऱ्यानं भरलेली. तिचं पुढं काय झालं ते सांगायचं तर आधी कासमभाई सांगावा लागतो. तोही आता नाही. पण तो कसा होता हे आमच्या उस्मानपुऱ्यातल्या गल्लीत आता सांगणारे फार उरले नाहीत. नवी माणसं आली, नव्या इमारती आल्या. म्हणून मीच सांगतो.

त्याचं दुकान आमच्या जिन्याच्या समोर. तो तिशीत होता तेव्हाच साठीचा दिसायचा, कारण भुवया, पापण्या, दाढी, कानातले केस, सगळ्यावर रुई बसलेली. सणाला आंघोळ करून बाहेर आला की बायका ओळखायच्या नाहीत. आवाज मात्र असा, की वखारीत लाकडं उतरवताना मला तिथपर्यंत ऐकू यायचा. वखार म्हणजे मी हमाली करायचो ती. बहात्तरच्या दुष्काळात पिशोरकडची आमची विहीर आटली, बैल गेले. आधी रोजगार हमीवर खडी फोडली, मग गयाला घेऊन इथं आलो ते इथलाच झालो.

पहिल्या दोन-तीन वर्षांत आमच्याकडं अंथरूण म्हणजे पोती. मग गावाकडं पाऊस झाला, कापूस आला, अन् भावानं एक गाठोडं पाठवलं. मी ते तसंच उचलून कासमभाईच्या दुकानात नेलं. त्यानं गाठोडं सोडलं, आत हात घातला अन् माझ्याकडं असं बघितलं, जसं काय मी त्याच्याकडं म्हैस आणून बांधली.

"ये क्या लाया मियाँ?"

"कापूस."

"वो तो दिखरा. सरकी कोन काढनार, तेरा बाप?"

आमच्याकडं सरकी बाया घरी बसून काढायच्या, वातीपुरती. गादीला लागतो तेवढा कापूस आधी जिनिंगला न्यायचा असतो, हे मला ठाऊकच नव्हतं. मला वाटलं पिंजारी म्हणजे सगळं तोच करतो. मी गाठोडं परत बांधायला लागलो तर त्यानं ते ओढून घेतलं. आत बघून ओरडला, "रजिया! बाहेर ये. ह्यानं शेतच उचलून आनलंय." रजियाभाभी, म्हणजे त्याची बायको, बाहेर आली, समोरून गयाला बोलावलं, अन् दुकानाच्या ओट्यावर त्या दोघी सरकी काढत बसल्या. बसल्या त्या दिवस मावळेपर्यंत. गयाला उर्दू येत नव्हती, रजियाभाभीला धड मराठी नाही, तरी दोघी कशावर एवढ्या हसत होत्या कुणास ठाऊक. त्या दिवसापासून त्यांचं जमलं ते जमलंच.

गादी भरायच्या आधी कासमभाई एक प्रश्न विचारायचा. गिऱ्हाईक कुणी असो, हा प्रश्न चुकला नाही. "झोपनार कोन?"

मी म्हणालो, "आम्ही दोघं."

"थंडी कुनाला जास्त वाजती?"

मी लाजलो. नवं लग्न होतं. गया ओट्यावरून म्हणाली, "मला."

त्यानं गयाच्या बाजूला जास्त रुई भरली. उजव्या हाताला. गादी एका बाजूनं उंच झाली. मी म्हणालो, वाकडी दिसतीय. तो म्हणाला, "तेरेकू दिसायला होना की झोपायला होना?" नंतर दर काही वर्षांनी गादी परत पिंजायला त्याच्याकडं जायची, अन् प्रत्येक वेळी तो न विचारता उजवीकडं जास्त भरायचा. "भाभी की साइड," म्हणायचा.

गादी टाचून झाली की तो स्वतः तिच्यावर आडवा व्हायचा. दुकानाच्या मधोमध, डोळे मिटून. टाका कुठं बोचतो, रुई कुठं कमी पडली, हे त्याला पाठीनं कळायचं. अडचण एवढीच की कधी कधी तो खरंच झोपायचा. एकदा लग्नाची गादी न्यायला नवरीचे वडील पाहुण्यांसकट आले. वरात निघायची वेळ. अन् हा नवरीच्या गादीवर घोरतोय. ते बिचारे धोतराचा सोगा धरून उभे. रजियाभाभीनं पाण्याचा तांब्या घेतला तेव्हा उठला अन् म्हणाला, "ले जाव. पास झाली." पाहुणे हसले, वडील नाही हसले.

आता त्याच्या शिव्यांच्या दिवसाचं सांगतो.

कासमभाईवर काही वाईट आलं की तो एक दुपार शिव्या द्यायचा. मनातल्या मनात नाही, घरात तोंड लपवून नाही. दुकानासमोर उभा राहून, हात वर करून, सगळ्या गल्लीला ऐकू जातील अशा. ज्याच्यामुळं वाईट झालं त्याला तर द्यायचाच, पण ज्याचा काही संबंध नाही त्यालाही द्यायचा. बाया लेकरांना आत ओढायच्या अन् एकमेकींना सांगायच्या, "आज कासमभाईचा दिवस हाय." संध्याकाळ झाली की आंघोळ करायचा, धुतलेला सदरा घालायचा, अत्तराचा फाया कानात ठेवायचा अन् ओट्यावर येऊन बसायचा. जाणाऱ्या-येणाऱ्याला चहा. काय झालं म्हणून कुणी विचारलं की म्हणायचा, "अब ऐसाच है." बास. त्या विषयावर परत एक अक्षर नाही.

जावेदच्या वेळचं मला चांगलं आठवतं. जावेद म्हणजे त्याचा एकुलता पोरगा. त्यानं एक दिवस सांगितलं की मला दुकानात बसायचं नाही, पुण्याला काम लागलंय. कासमभाईनं त्या दुपारी पुण्याला शिव्या दिल्या. पुण्याच्या गाडीला दिल्या. जावेदला शिकवणाऱ्या मास्तरला, मास्तरच्या सायकलला, जावेद जन्मला त्या दिवसाला दिल्या. रजियाभाभी आत रडत होती. मी मध्ये पडायला गेलो तर मलाही एक शिवी बसली. अन् दुसऱ्या दिवशी सकाळी हाच माणूस जावेदची पेटी खांद्यावर घेऊन स्टँडकडं निघाला. काखेत नवी उशी.

मी म्हणालो, "काल तर काय काय बोलत होतास."

"कल का कल दे दिया ना."

"मग आता उशी कशाला?"

"पुने की उशी चांगली नसती," तो म्हणाला अन् चालायला लागला.

मला त्याचा राग यायचा, खोटं कशाला बोलू. मी असा माणूस, की गावाकडची विहीर आटली ती माझ्या डोक्यात वीस वर्षं आटत होती. पिशोरकडं पाऊस झाला म्हणून भाऊ सांगायचा तरी मी म्हणायचो, व्हय, पण त्या साली नाही झाला ना. अन् हा एका दुपारीत मोकळा. मला वाटायचं ह्याला काही लागतच नाही. गया म्हणायची, "तुम्ही दुःखाला भाकर वाढता रोज. तो एकदाच पोटभर वाढतो अन् ताट उचलतो."

पुढं फोमच्या गाद्या आल्या. सिडकोकडं नवी घरं झाली, चितेगावच्या रस्त्याला कंपन्या वाढल्या, पगारवाले लोक कापसाची गादी नको म्हणायला लागले. जड होते, ऊन दाखवावं लागतं, गोळे होतात. दुसरे पिंजारी बंद पडले. कासमभाईची एक दुपार गेली शिव्यांत, अन् महिन्याच्या आत त्याच्याच दुकानाबाहेर फोमच्या गाद्या उभ्या. भिंतीवर त्याच्या बापाची पिंजायची कमान, आत मशीन, अन् दारात फोम.

मी म्हणालो, "लाज वाटती का? बापाची कमान वरून बघतीय."

त्यानं कमानीकडं बघितलं. "ये कमान मेरे बाप की. दादा की कमान इससे लांब थी. गल्लीत वळायची नाय, म्हनून बापानं तोडून छोटी केली. दादा ने तब बाप को क्या बोला मालूम?"

"काय?"

"तू जो बोला वोही." अन् फोमच्या गादीवर आडवा होऊन पाठ घासून बघितली. "चांगली हाय रे. उगाच नावं ठेवतो आपन."

मधल्या दुष्काळात फोमही कुणी घेईना. लग्नं पुढं ढकलली, नळाला आठ-आठ दिवस पाणी नाही. हा टँकरवर पाइप धरायच्या कामाला लागला. पांढरी दाढी, खांद्यावर पाइप. बाया घागरींवरून भांडल्या की वरून ओरडायचा, "भाभीलोग, सबर करो. पहले रुई उडाता था, अब पानी उडाऊंगा." अन् खरंच पाइप त्यांच्याकडं वळवायचा. दोन थेंब. तेवढ्यात भांडण मोडायचं.

एकदाच तो गप्प राहिला. रजियाभाभी गेली तेव्हा.

ताप आला काय अन् ती गेली काय. दफन करून आला, दुकान उघडलं अन् मशीन चालू केली. शिव्या नाहीत, अत्तर नाही, "ऐसाच है" नाही. गिऱ्हाईकाला "झोपनार कोन" विचारायचंही बंद. सांगितलेल्या मापाची गादी भरायची अन् द्यायची. असं लई दिवस चाललं. लोक म्हणाले, बघा किती धीरानं घेतलं. गया म्हणाली, "धीर कसला. हा माणूस मरतोय."

एक दिवस ती जिना उतरली अन् त्याच्या ओट्यासमोर जाऊन उभी राहिली. मी वरून बघत होतो.

"कासमभाऊ, शिव्या द्या."

त्यानं मशीन बंद केली. "किसकू देऊ भाभी? कोई है ही नहीं देने को."

"मला द्या."

"आपकू? तोबा."

"का? मी काय वाईट हाय? तुमच्या घरात माझी आमटी यायची तेव्हा रजिया म्हणायची, मीठ टाकायला हिला कुनी शिकवलंच नाय. द्या त्या आमटीला शिव्या."

तो हसला. हसताना त्याचं तोंड वेडंवाकडं झालं. अन् मग आमटीला, मिठाला, तुरीच्या डाळीला, दवाखान्याला, वरच्याला, खालच्याला, सगळ्याला तो बोलायला लागला. रडत होता अन् बोलत होता. गया पदर कमरेला खोचून उभीच. त्याचं बोलून संपलं तेव्हा ती म्हणाली, "आता आंघोळ करा, चहा मी टाकते." संध्याकाळी तो ओट्यावर आला. अत्तर लावलं होतं. "अब ऐसाच है," म्हणाला, पण लई हळू.

अशी ती दोघं. अन् आता गया गेली होती, अन् मी गादीला हात लावू देत नव्हतो.

त्याच सुमारास गल्लीच्या तोंडाचा रस्ता रुंद करायचं निघालं. मोजणीवाले आले, भिंतींवर लाल खुणा करून गेले. कासमभाईचं दुकान सगळंच खुणेच्या आत. त्याची लेक चितेगावला दिलेली होती, ती न्यायला तयार. तो आवराआवर करायला लागला. अन् ते अर्धवट सोडून एका दुपारी माझा जिना चढून वर आला. पंच्याहत्तरीचा माणूस, दर पायरीला थांबत.

सून दारात होती. तिनं त्याला आत घेतलं अन् गादीकडं बोट दाखवलं. म्हणजे तिनंच सांगितलं होतं, हे मला कळलं.

कासमभाईनं गादीवरची चादर काढली. उजवीकडं एक खोलगट, डावीकडं एक. मध्ये उंचवटा.

मी म्हणालो, "हात नको लावू."

"फरशीवर झोपतो म्हने तू."

"झोपतो. तुला काय त्याचं?"

"खोलू का इसकू? पिंजून देतो. मशीन हाय तोवर."

"तिची जागा हाय ती. मोडायची नाही."

"भाभी की जागा नाय ती, रंगाभाऊ. रुई दबली हाय."

माझं डोकं फिरलं. काय काय बोललो ते सगळं सांगण्यासारखं नाही. त्याला पिंजाऱ्या म्हणालो, फोमवाल्या म्हणालो, तुझ्या बापानं कमान तोडली अन् तू घर तोडायला आला म्हणालो. मग तो राहिला बाजूला. डॉक्टरला बोललो. त्यानं टोचलेल्या सुईला बोललो. पोराला बोललो, की तू उशिरा रिक्षा आणली. मग गयालाच बोललो. माझ्या आधी जायची काय गरज होती तुला, थंडी तुला वाजायची तर आता मला का वाजतीय, असं काहीतरी. सून तोंडाला पदर लावून आत गेली. कासमभाई उभा होता. बसलाही नाही.

माझा आवाज बसला तेव्हा त्यानं आत हाक मारली, "बेटी, चाय रख."

चहा प्यालो दोघं. गादीचा शब्द काढला नाही त्यानं. जाताना दारात वळला अन् म्हणाला, "मशीन उद्या जाती. कबाडवाला दुपारी येतो."

सकाळी मी पोराला उठवलं. दोघांनी मिळून गादी खाली नेली. जिन्यात ती अडली, वाकवून काढावी लागली.

दुकान अर्धं रिकामं झालं होतं. कासमभाईनं खोळीचे टाके उसवले अन् रुई बाहेर काढली. पिवळी, दाबून चपटी झालेली. मूठमूठ करून मी ती मशीनमध्ये टाकायला लागलो. मनाशी ठरवलं होतं की उजवीकडची वेगळी ठेवायची. पण मशीन एका बाजूनं खात होती अन् दुसऱ्या बाजूनं उडवत होती, अन् समोर एकच ढीग वाढत होता. कुठली तिची, कुठली माझी, काही कळेना. मला वाटलं आता मी कोसळणार. अन् आली ती शिंक. एक, मग दुसरी, थांबेचनात. कासमभाई एवढा हसला की त्यालाही खोकला लागला. दोन म्हातारे रुईच्या ढिगापाशी शिंकतायत अन् खोकतायत, रस्त्यावरचे लोक थांबून बघतायत.

खोळ पसरून त्यानं विचारलं, "दोघांची भरू का एकट्याची?"

मशीन बंद झाली होती. तो दाभणात दोरा ओवत बसला, माझ्याकडं न बघता. घाई केली नाही.

"एकट्याची," मी म्हणालो.

"उंच किधर रखू?"

"सगळीकडं सारखी."

त्यानं खोळ कापली, टाके घातले. झाल्यावर स्वतः नाही आडवा झाला. मला म्हणाला, "तू सो."

भर दुपारी, रस्त्याच्या कडेला, स्कूटरी जातायत, अन् मी त्या अर्ध्या दुकानात नव्या गादीवर आडवा. मऊ होती. सवयीनं बाजूला हात टाकायला गेलो तर तिथं जागा नव्हती, हात फरशीला लागला. तो उचलून मी पोटावर ठेवला. जरा वेळ तसाच पडलो. दुखत होतं. पण पाठ नव्हती दुखत, इतक्या दिवसांत पहिल्यांदा.

"दुखतंय रे," मी म्हणालो.

"दुखेल की. मी कधी म्हनलो दुखत नाय?" एवढंच बोलला अन् कमान भिंतीवरून उतरवायला गेला.

थोड्या वेळानं कबाडवाला मशीन घेऊन गेला. मग लेकीचा टेम्पो आला. सामान फार नव्हतंच. माझ्या गादीतून उरलेली रुई त्यानं पोत्यात भरली होती. मी म्हणालो, घेऊन जा. तो पुढं ड्रायव्हरशेजारी बसला नाही. मागं चढला, ते पोतं हौद्याच्या कोपऱ्यात टाकलं, दाबून बघितलं, अन् पाय लांब करून त्याच्यावर टेकून बसला. शेजारी सामान धरायला एक हमाल होता. टेम्पो पैठणच्या रस्त्याकडं वळला तेव्हा मी हात वर केला. त्यानं दुकानाकडं बघितलं नाही अन् माझ्याकडंही नाही. दाढीत रुई, हात हवेत, मोठ्यानं तो त्या हमालाला विचारत होता, "चितेगावात चहा कुनाचा चांगला हाय रे?"